ओव्याचं किंवा लवंगेचं तेल टिकाऊपणासाठी रसात थेट न घालता त्याचं इमल्शन (पाण्यात तेलाचे बारीक थेंब पसरलेलं मिश्रण) का करतात?

तेल-पाणी एकत्र येत नाही, एवढंच कारण नाही. ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल जिवाणूच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतं, पण त्यासाठी ते तिथवर पोचायला हवं. थेट ओतलंत तर तेल वेगळंच राहतं आणि जिवाणू मजेत. दुधात तर स्निग्धांश आणि प्रथिनंच तेल अडवून ठेवतात. मग मात्रा वाढवली, की घोट घेताना दातदुखीचं औषध आठवणार!

म्हणून लेसिथिन, डिंक किंवा ट्वीन ८० असं तेल-पाणी जुळवून ठेवणारं काही घालून, प्रचंड दाबाखाली घुसळून थेंब साधारण २०० नॅनोमीटरच्या आत आणतात.

खरी गोची पुढेच आहे. ही तेलं पाण्यात किंचित विरघळतात, त्यामुळे लहान थेंबांतलं तेल मोठ्या थेंबांत सरकत राहतं आणि इमल्शन हळूहळू बिघडतं. याला ओस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे घुसळण्याआधीच त्यात मक्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल मिसळणं. तेही बेतानंच, कारण जास्त झालं तर थायमॉल त्या तेलातच मुरून बसतं आणि जिवाणूंवरचा मारा बोथट होतो. घरच्या मिक्सरवर हे जमत नाही, प्रयत्न करू नका.