किडनीच गेली, आता गोळ्या कशाला?

"मॅडम, किडनीच गेली. आता तिच्या गोळ्या कशाला खायच्या?" डायलिसिस विभागात समुपदेशक म्हणून बसते, तेव्हापासून हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. मात्र एका दादांनी तो विचारलाच नाही. परस्पर गोळ्या बंद केल्या.

दादा एसटीत वाहक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नऊ वर्षांपूर्वी आईची किडनी बसवलेली. पुढे ती किडनी थकत गेली, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की वाढणारा टाकाऊ घटक) चढत गेलं आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस पुन्हा पाठीमागे लागलं. पहिल्याच आठवड्यात टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, सगळा डबाच त्यांनी कपाटात टाकला. ट्रान्सप्लांट ओपीडीला वाटलं, डायलिसिसवाले सांगतील. डायलिसिसवाल्यांना वाटलं, ओपीडीत सांगितलं असेल. त्या डायलिसिसवाल्यांत मीही आले.

थोड्याच दिवसांत मशीनवर त्यांचं बीपी कोसळायला लागलं. मळमळ, अंगात त्राण नाही. गोळ्या थांबल्या असतील ही शंका आधी आली ती आमच्या टेक्निशियनला. पुढे ताप, लघवी लालसर, आणि उजव्या ओटीपोटात, जिथे आईची किडनी बसवली होती तिथेच, दुखणं. डॉक्टरांनी आधी जंतुसंसर्ग नाही ना, हे तपासलं. या गोळ्या घेणाऱ्याचा ताप अंगावर काढायचा नसतो.

संसर्ग नव्हता. दुखणी दोन होती. नऊ वर्षं बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यामुळे शरीरात स्टिरॉइड बनवणाऱ्या स्वतःच्या ग्रंथी सुस्तावल्या होत्या. गोळी एकदम थांबल्यावर त्या लगेच जाग्या होत नाहीत. बीपी पडत होतं ते त्यामुळे. आणि गोळ्यांचा धाक गेल्यावर शरीर त्या परक्या किडनीवर तुटून पडलं होतं.

"पण ती तर बंदच पडलीय ना?"

"बंद पडलीय, पण आहे पोटातच."

दादा जरा थांबले. "म्हणजे गाडी ब्रेकडाउन झालीय, पण रस्त्यातच उभी आहे."

मला इतकं नेमकं सुचलं नसतं.

गोळ्या कमी करायच्याच असतात, पण क्रमाने. बहुतेक वेळा आधी मायकोफेनोलेट जातं, मग टॅक्रोलिमस हळूहळू उतरवतात, आणि स्टिरॉइड सर्वांत शेवटी, काही आठवडे-महिने घेऊन. सगळ्यांना एकच वेळापत्रक लागू नसतं. वारंवार संसर्ग होत असेल किंवा कर्करोग निघाला, तर लवकर थांबवतात. दुसऱ्या ट्रान्सप्लांटची शक्यता असेल, तर काही गोळ्या मुद्दाम चालू ठेवतात. नाहीतर रक्तात परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी वाढतात आणि पुढची किडनी जुळणं अवघड होतं. रक्त चढवल्यानेही तेच होतं, म्हणून ते शक्यतो टाळतात. दादांच्या बायकोच्या तपासण्या दाता म्हणून सुरू होत्या. त्यामुळे स्टिरॉइड परत सुरू झालं आणि टॅक्रोलिमस कमी मात्रेत ठेवलं. दोन आठवड्यांत ताप उतरला.

खरं कारण मात्र वहिनी चहा आणायला गेल्यावर कळलं. "डायलिसिस योजनेत बसतं, मॅडम. गोळ्यांचे पैसे खिशातून जातात. मेलेल्या किडनीवर किती घालायचे?" हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. आता खर्चाचं आधी विचारते, गोळ्यांचं नंतर. बऱ्याच जणांना गोळी का घ्यायची ते कळतं, ती परवडत नाही हे सांगायची लाज वाटते.

आई शेवटी आल्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. "बाई, माझी किडनी आता काढून टाकणार का?"

बहुतेकांची काढावी लागत नाही, मी म्हटलं. ताप-दुखणं औषधाला दाद देत नसेल किंवा तिथे संसर्ग झाला तरच. आणि ती अगदीच निकामी नाही. थोडी लघवी अजून होतेय ती तिच्यामुळेच. तेवढी टिकली, तर दोन डायलिसिसच्या मध्ये पाण्याचा एखादा पेला जास्त पिता येतो. गोळ्या चालू ठेवण्याचं तेही एक कारण.

पुढच्या खेपेला दादांनी वही दाखवली. रोज मोजलेली लघवी लिहिली होती: २५०, ३००, २८०. अक्षर त्यांचं नव्हतं.

"आई लिहिते," ते म्हणाले. "बाटली मला धरू देत नाही."