'शाश्वत' म्हणजे कायमचं नव्हे

चाळीसगावच्या एका एम.कॉम.च्या विद्यार्थिनीनं विचारलंय: प्रकल्पाचं शीर्षक 'वित्ततंत्रज्ञान, नैसर्गिक संसाधनं आणि शाश्वत विकास'. सरांनी 'शाश्वत' खोडून 'टिकाऊ' केलं. बरोबर काय?

'शाश्वत'च. टिकाऊ चप्पल असते, लोणचं असतं. सरकारी मराठीतही 'शाश्वत विकास ध्येये' असंच आहे.

माझं भांडण वेगळ्यांशी आहे. फोनवरून गुंतवणूक विकणारा 'शाश्वत परतावा' म्हणतो, मेळाव्यातला वक्ता 'शाश्वत उत्पन्न' म्हणतो. अरे, त्याला 'हमखास' म्हणा, 'खात्रीचं' म्हणा! दर आठवड्याला कानावर येतं आणि दर वेळी राग येतो.

कोशात 'शाश्वत' म्हणजे नित्य, चिरंतन. गीतेतला आत्मा त्याच अर्थानं शाश्वत, मान्य. पण कोश उघडून तिथंच थांबणारे पंडित मला पटत नाहीत. शब्द आला 'शश्वत्'वरून, आणि ऋग्वेदात शश्वत् म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं, एकामागून एक. पहिल्या मंडलातल्या १२४व्या सूक्तात उषेला 'शश्वत्तमा' म्हटलंय आणि लगेच पुढे 'पुनरेयुषीणाम्': परत परत येणाऱ्यांत सगळ्यांत शश्वत्. पहाट काही टिकत नाही, घटकाभरात सरते. तरी ती शश्वत्, कारण उद्या परत येते. यात टिकाऊपणा कुठे आहे?

हा अर्थ आमच्या खान्देशानं जगून दाखवलाय. साक्रीकडे पांझरेवरची फडपद्धत बघा. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पुढं फेरपालट. पाणी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणारा माणूस देणार, मालकानं पाटाचं दार फोडायचं नाही. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड सगळ्यांचाच कोरडा राहतो. 'आते मनी पाळी शे' (आता माझी पाण्याची पाळी आहे) म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की पाळी जाते आणि परतही येते. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगानं १९८७ साली शाश्वत विकासाची व्याख्या करताना पुढच्या पिढ्यांच्या गरजा राखून आजच्या भागवा म्हटलं, ते पाटकऱ्याला नवं नव्हतं.

गंमत म्हणजे 'रिसोर्स'सुद्धा फ्रेंचमधून लॅटिनच्या 'रेसुर्गेरे'पर्यंत जातो, म्हणजे पुन्हा उठणं, उसळणं. गिरणेच्या कोरड्या वाळूत उकरलेला झिरा डोळ्यांपुढे आणा. वाटीनं पाणी काढायचं, हंडा अर्धा झाला की थांबायचं. तळाशी वाळू हलते, पाणी गढूळ चढतं, मग निवळतं. 'संसाधन' शब्दात हे परत भरणं उरतच नाही, फक्त साधन उरतं. हिंदीतून उचललेला हा शब्द मला कधीच आवडला नाही. आपली 'साधनसंपत्ती' बरी.

आता वित्ततंत्रज्ञान. २०१६ला यूपीआय आलं, पैसा क्षणात हलू लागला. फोनवर मिळालेल्या कर्जातून ठिबक आलं तर पाणी वाचतं. त्याच कर्जातून आणखी एक बोअर पाडली तर रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आधीच खोल गेलेलं पाणी आणखी खाली जातं. हप्ता महिन्याला येतो, जमिनीतलं पाणी पावसाळ्यालाच परत येतं. दोन्ही शश्वत्, पण पाळ्या वेगळ्या. प्रकल्पात हेच तपासायला हवं: कर्जाची पाळी पाण्याच्या पाळीशी जुळते का.

आणि सरांना १२४वं सूक्त दाखवा.