वेल्श भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांना काय म्हणतात?

वेल्सची राजधानी कार्डिफ येथे शिकायला जाण्यापूर्वी ‘धन्यवाद’, ‘कृपया’, ‘दूध’, ‘आता’, ‘हो’ आणि ‘नाही’ या शब्दांची वेल्श यादी आपल्याला हवी आहे. पहिले चार लगेच सांगतो. धन्यवादाला ‘दीओल्ख’ म्हणतात. ‘कृपया’ म्हणताना अनोळखी माणसाला ‘ओस ग्वेलुख अन धा’ आणि मित्राला ‘ओस ग्वेली दीन धा’ म्हणावे, कारण तेथेही तू-तुम्हीचा भेद आहे. दूध दक्षिणेत ‘ल्हाइथ’ आणि उत्तरेत ‘ल्हेव्रिथ’ असते. ‘आता’ला दक्षिणेत ‘नाउर’ आणि उत्तरेत ‘रूअन’ म्हणतात, आणि रोमन लिपीत हे दोन शब्द एकमेकांच्या उलट क्रमाने लिहिलेले दिसतात.

‘हो’ आणि ‘नाही’ यांना मात्र सर्वत्र चालेल असा एकेक प्रतिशब्द नाही, आणि यावरूनच वेल्समधील अबरिस्टविथ गावातील एका लहान अतिथीगृहात, जेथे मी शिकत असताना सुट्टीच्या दिवशी काम करीत असे, मालकाशी माझा वाद झाला होता. त्यांना पाहुण्यांच्या अभिप्रायासाठी द्विभाषिक कार्ड छापायचे होते. त्यांनी शब्दकोशातून ‘ये’ आणि ‘नागे’ उचलले आणि चारही प्रश्नांपुढे तेच दोन शब्द टाकले. मी समजावले की वेल्श माणूस प्रश्नातील क्रियापदानेच उत्तर देतो: ‘तुमच्याकडे गाडी आहे का?’ याला ‘ओइस’, म्हणजे ‘आहे’. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ याला ‘अदू’, म्हणजे ‘आहे मी’. आणि ‘तुम्ही पूर्वी येथे राहिला होता का?’ याला ‘दो’, कारण साध्या भूतकाळात क्रियापद कोणतेही असो, होकार ‘दो’ आणि नकार ‘नाधो’ असतो. ‘ही तुमची पहिलीच भेट का?’ या एकाच प्रश्नाला, जेथे भर क्रियापदावर नाही, ‘ये’ शोभत होते. मालक म्हणाले, जगातल्या प्रत्येक भाषेत हो आणि नाही असतेच. मी म्हणालो, माझी आई ‘जेवलास का?’ विचारते तेव्हा मीही ‘जेवलो’ असेच सांगतो. त्यावर ते हसले आणि कार्डे छापायला गेली.

पुढच्याच आठवड्यात एका आजींनी तीन ठिकाणी छापील शब्दांवर काट मारून हाताने ‘ओइस’, ‘अदू’ आणि ‘दो’ लिहिले. मालकांनी निष्कर्ष काढला की आजींना प्रश्न कळले नाहीत.

यंत्राकडून भाषांतर करून घ्यावे का, असेही आपण विचारले आहे. सुट्या शब्दासाठी चालेल, वाक्यासाठी वेल्श वाचणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय काहीही छापू नये. 2008 साली वेल्समधील स्वानसीत अवजड वाहनांना मनाई करणाऱ्या रस्त्यावरील फलकावर वेल्श मजकूर म्हणून ‘मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचे काम पाठवून द्या’ असे छापले गेले होते. भाषांतरकाराच्या ईमेलवरून आपोआप आलेले उत्तर कोणीतरी भाषांतर समजून पुढे पाठवले होते. तेथे यंत्राने चूक केली नव्हती. मजकूर वाचू शकणारा एकही माणूस वाटेत नव्हता.

प्रामाणिकपणे सांगायचे तर बोलताना ‘ये’ सैलपणे वापरणारे वेल्शभाषक मला भेटले आहेत, त्यामुळे आपण चुकून तसे म्हणालात तर आपले बोलणे अडणार नाही. छापील कार्डाची गोष्ट मात्र निराळी आहे. मी तेव्हाच सुचवले होते की दोन्ही शब्द काढून नुसते चौकोन ठेवावेत आणि बरोबर किंवा फुलीची खूण करायला सांगावे. त्याने शाईसुद्धा वाचली असती.