आईचा नऊचा फोन

"मॅडम, मुलगी रोज रडते. सेमिस्टर सोडून परत ये म्हणू का?" एक्स्चेंजवर परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात, बहुतेक वेळा ऑक्टोबर सरता सरता.

ही आई सांगलीची. मुलगी (तिला ईशा म्हणू) इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातून एका सेमिस्टरसाठी जर्मनीत लाइपझिगला गेलेली. पहिले तीन आठवडे पोरगी मजेत होती, हेच आईचं कोडं. "आता सगळं मार्गी लागल्यावर काय झालं?"

मार्गी लागलं म्हणूनच झालं. तिकडे राहायला गेलं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. शिवाय विमा, बँक खातं, विद्यापीठाचे कागद. या धावपळीत रडायला सवड नसते. कागद संपतात, दुपार रिकामी होते आणि घर आठवायला लागतं. आधी नवलाई, मग वैताग, मग हळूहळू रुळणं, हा क्रम कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडला होता.

ईशा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मॅम, मी इथे कुणालाच नको आहे."

कशावरून? वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात तिने आमटीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, मिरची पडली, धूर झाला आणि छतावरचा अलार्म केकाटायला लागला. शेजारच्या खोलीतला मुलगा आला, खुर्चीवर चढून त्याने तो बंद केला आणि म्हणाला, "खिडकी उघडायची, दार बंद ठेवायचं." हसला नाही, रागावलाही नाही. त्या दिवसापासून ईशा ब्रेड आणि घरच्या शेंगदाण्याच्या चटणीवर. कढई पलंगाखाली.

मी विचारलं, "हेच तुझी आत्या म्हणाली असती तर?"

ती थोडा वेळ गप्प बसली. "मग मी खिडकी उघडली असती."

तिकडे बरेचदा सूचना अशी सरळ देतात. त्यात आपलं "अगं" नसतं, म्हणून कानाला ती चापट वाटते. तिला हे पटलं. पण पटलं म्हणून कढई काही लगेच बाहेर निघत नाही.

मग तिचा दिवस तासातासाने लिहून घेतला आणि अडचण तिथे सापडली. आई रोज रात्री नऊला फोन करायची. लाइपझिगला तेव्हा साडेपाच वाजलेले असायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली आणि साडेपाचचे साडेचार झाले. पाचच्या आत अंधार. फोन चालायचा सात वाजेपर्यंत. मजल्यावरची मुलं नेमकी त्याच वेळात स्वयंपाकघरात जमायची, कांदे चिरायची, गप्पा मारायची. ईशा दार लावून सांगलीत असायची.

फोन तोडा असं मी कधीच सांगत नाही. घरचा आवाज हवाच. आम्ही फक्त वेळ बदलली. रविवारी तिथे दुकानं बंद असतात, रस्ते सुने, एकटेपणा त्या दिवशी जास्त खातो. म्हणून मोठा फोन रविवारी. बाकीचे दिवस सकाळी लेक्चरआधी दहा मिनिटं. आणि संध्याकाळी सहाला कढई घेऊन स्वयंपाकघरात जायचं, खिडकी उघडी, दार बंद. कुणाशी बोललंच पाहिजे असं नाही.

पहिल्या दिवशी ती वीस मिनिटं खाली मान घालून खिचडी ढवळत राहिली आणि खोलीत येऊन रडली. चौथ्या दिवशी त्याच शेजाऱ्याने पातेल्यात डोकावून विचारलं, "हे पिवळं कशाने होतं?" तिने हळदीची पुडी पुढे केली. दिवाळीच्या दिवशी ती पुन्हा खूप रडली, पण परत यायचं काही बोलली नाही.

प्रत्येकाला हे लागू पडेल असं नाही. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, लेक्चर बंद, असं असेल तर डॉक्टर गाठा. जगणं नको असं बोलणं आलं तर एक दिवसही थांबू नका. जर्मनीत विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि कँटीन चालवणारी श्टुडिरेंडेनवेर्क ही संस्था बऱ्याच शहरांत समुपदेशनही करते. कित्येक मुलांना हे ठाऊकच नसतं.

नवं वेळापत्रक आईला सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या. घरात त्या दोघीच. जरा वेळाने हळूच विचारलं, "मॅडम, मग रात्री नऊला मी काय करू?"

पुढची तीन सत्रं आईची झाली.