कमरेची गादी सरकून पाय दुखतोय, ऑपरेशन करू का?

एल५-एस१ची, म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखालची गादी सरकलीय, पाच आठवडे डाव्या पायात कळ जातेय, एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय, करू का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण चार वर्षांपूर्वी यातून गेलोय. मोजा चढवायला वाकता येत नव्हतं. शिंक येतेय असं वाटलं की आधी भिंत धरायचो.

त्या वेळी एमआरआयमधला 'मोठा' हा शब्द वाचून मी खचलो होतो. पुढे कळलं, गादीतून बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं आणि तुटून सुटा झालेला तुकडा तर नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. बहुतेकांचं दुखणं दीड ते तीन महिन्यांत बरंच उतरतं. पाच आठवडे त्या मानाने फार नाहीत.

या काळात अंथरुणाला खिळू नका. सोसेल तेवढं थोडं थोडं चालत राहा. माझ्या फिजिओथेरपिस्टने एक खूण सांगितली होती, तिनेच मला धीर दिला: कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत वर सरकत असेल तर ते सुधारण्याचं लक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. माझी पोटरी आठव्या आठवड्यात मोकळी झाली. सुजेवरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, पोट आणि किडनी सांभाळावी लागते. प्रीगॅबॅलिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीने मला नुसती चक्कर आली. २०१७च्या एका चाचणीतही सायटिकावर, म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या या कळीवर, तिचा औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नव्हता. चालू असेल तर मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. मणक्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देऊ शकतं. रात्रीची झोपच उडाली असेल तर तेही थोडं नाही.

ऑपरेशन वाईट नाही. नेदरलँड्समधल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय, ऑपरेशन न करता थांबलेल्यांपेक्षा लवकर मोकळा झाला. वर्षाअखेर मात्र दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावं लागलं, हेही खरं. त्यामुळे दुखणं अजून किती दिवस काढता येईल, हे तुम्हीच ठरवायचं. आणि ऑपरेशनचा गुण पायाला जास्त येतो, कंबरदुखीला कमी.

पण जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

आणि आज एवढं कराच: भिंतीला हात टेकवून दहा पावलं टाचांवर, दहा चवड्यांवर चाला. डावा पाय उजव्याआधी खाली येत असेल तर नस अशक्त होतेय. मग माझे आठ आठवडे विसरा आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा.