आमोसचे प्रश्न प्रश्नच राहू देत

प्रिय मुली,
सप्रेम सलाम.

बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाच्या अनुवादाचा तुझा मसुदा वाचला. मराठी छान वाहते आहे. पण तीन ते सहा या वचनांतले प्रश्न मोडून तू त्यांची विधानं केलीस, ते मला पटलं नाही. "सावज नसताना सिंह गर्जत नाही" यात चूक काही नाही, फक्त आमोस उरला नाही.

तो तकोवा गावचा मेंढपाळ. इ. स. पूर्व आठव्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात जाऊन सुखवस्तू लोकांपुढे उभा राहतो आणि विचारत सुटतो. ठरल्याशिवाय दोघं बरोबर चालतील का? सावज नसताना सिंह रानात गर्जेल का? फास नसताना पाखरू अडकेल का? लोक मनात 'नाही, नाही' म्हणत जातात. मग सातवा प्रश्न येतो: नगरावर अरिष्ट यावं आणि ते परमेश्वरानं आणलेलं नसावं, असं होईल का? सहा वेळा 'नाही' म्हणून झाल्यावर आता माघार कशी घेणार? विधान केलंस की ऐकणारा सुटला.

सगळीकडे मात्र हा हट्ट नको. बायबलमधल्या राजांच्या पुस्तकांत "त्याची बाकीची कृत्यं बखरीत लिहिलेली नाहीत काय?" असं वरचेवर येतं. तिथं "लिहिलेली आहेतच" एवढं पुरे.

भावाचा खून करणाऱ्या काइनाचं बघ. भाऊ कुठं आहे, असं देवानं विचारल्यावर तो उलट प्रश्न करतो. "मी माझ्या भावाचा राखणदार आहे का?" असं लिहिलंस, तर तो खरंच चौकशी करतोय असं वाटतं. "मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे?" यात त्याचा उर्मटपणा ऐकू येतो. म्हणून प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून बघत जा.

आमोसच्याच चौथ्या अध्यायाच्या सहाव्या वचनात देव म्हणतो, मी तुम्हाला दातांची स्वच्छता दिली. म्हणजे उपासमार, खायलाच नाही, तर दाताला लागणार काय? शब्दशः ठेवलंस तर वरदान वाटेल. 'दातावर मारायला पैसा नाही' तोंडाशी येईल, पण ते चणचणीचं बोलणं, इथं भूक आहे. 'दुष्काळ' लिहून मोकळीही होऊ नकोस. लगेच पुढं भाकरीचा तुटवडा आहेच, अर्थ तिथं उलगडतो. मी "तुमच्या दाताला अन्नाचा कण लागू दिला नाही" असं करीन. त्यात 'दिली' मधला कडवटपणा निसटतो, हे मला सलतं. तुला काही सुचतं का बघ आणि मसुद्यासोबत पाठव.

तुझा,
काका