फ्लाइंग स्कूलचं सेस्ना १५२ हे दोन सीटचं ट्रेनिंगचं विमान १९७९ सालचं आहे. मुलीला त्यात बसू द्यावं का?

बसू द्या, पण लॉगबुक, म्हणजे विमानाच्या तासांची आणि दुरुस्त्यांची नोंदवही, बघून. मी एएमई, म्हणजे विमानांची देखभाल करणारा इंजिनिअर होतो. सगळी नोकरी हँगरमध्येच काढली, आता हडपसरला ग्लायडिंग सेंटरजवळ राहतो.

सेस्नाने १५२ बनवणं १९८५ मध्येच बंद केलं. म्हणजे आज कुठल्याही स्कूलचं १५२ घेतलंत तरी ते चाळिशीचंच निघणार. त्यामुळे साल विचारून हाती काही लागत नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचजवळ ट्रेनिंगच्या पायपर कंपनीच्या विमानाचा डावा पंख हवेतच तुटला, दोघे गेले. ते विमान २००७ चं होतं, म्हणजे तसं कोवळंच. पण ट्रेनिंगमध्ये तासाला सहा-सात लँडिंग होतात, त्यातली निम्मी आदळत. पंखाच्या स्पारमध्ये, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या तुळईत, थकव्याची (पुन्हापुन्हा ताण पडून येणारी) चीर गेली होती. पुढे एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाने, तशा पायपर विमानांत स्पारच्या बोल्टच्या छिद्रांची एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने लपलेली चीर शोधणं) सक्तीची केली.

म्हणून आधी एकूण तास आणि हार्ड लँडिंगच्या नोंदी विचारा. १५२ चं नोज गिअर (पुढचं चाक) फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला, जोडलेलं असतं. विमान नाकावर आपटलं की तिथला पत्रा सुरकुततो. ही दुरुस्ती लॉगबुकात सापडली तर घाबरू नका, उलट नोंद ठेवली म्हणून मी त्या स्कूलला मार्क देईन. चाळीस वर्षांच्या ट्रेनिंग विमानाच्या लॉगबुकात एकही हार्ड लँडिंग नसेल, तर मला तिथेच संशय येतो. जुन्या सेस्नांसाठी कंपनीने गंज आणि चिरा शोधायच्या जादा तपासण्या काढल्या आहेत, त्यांना एसआयडी म्हणतात. त्या झाल्यात का, हेही विचारा.

इंजिनाचं गणित वेगळं. १५२ च्या लायकमिंग इंजिनाला ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीसाठी, साधारण २४०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते. पण लोक तास मोजतात आणि वर्षं विसरतात. त्यातून आपल्याकडे पावसाळ्यात विमानं आठवडेच्या आठवडे उभी राहतात. या इंजिनाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो, त्यावरचं तेल निथळून जातं आणि गंज धरतो. रोज उडणारं जुनं विमान मला उभ्या राहिलेल्या नव्यापेक्षा केव्हाही चालेल.

लॉगबुक दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर चहा पिऊन निघून या.

राहिली सीट. जुन्या सेस्नांत सीटच्या रेल झिजतात, टेकऑफला सीट मागे घसरते, आणि घाबरलेला विद्यार्थी योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, धरून स्वतःकडे ओढतो. नाक वर, वेग खाली, पुढे स्टॉल, म्हणजे पंखांची उचल संपून विमान खाली येतं. इंजिन सुरू करण्याआधी सीट गदागदा हलवून बघायची, हे मुलीला आजच सांगून ठेवा.